कोंगिरचं वजन

कोंगिर काही केल्या भरत नव्हता.

रौशाननं भिजवलेला जव त्याच्या पुढ्यात ठेवला, वर चिमूटभर मीठ भुरभुरलं आणि तो खाईपर्यंत दाराला टेकून उभी राहिली. शर्यतीचा घोडा अन्नावर तुटून पडत नाही. आधी वास घेतो, मग ओठांनी चाळतो, मग कुणावर उपकार केल्यासारखे चार घास घेतो. ती उभी राहिली नाही तर अर्धी पाटी तशीच राहायची. म्हणून ती उभी राहत असे, सकाळी, दुपारी आणि दिवे लागताना, आणि उभ्याउभ्याच तिचे डोळे मिटायचे.

कुंपणापलीकडे तुर्लिबेककाकांच्या आवारात शुबार कडब्याच्या ढिगात तोंड घालून होता. शुबार म्हणजे ठिपक्यांचा, आखूड पायांचा, पिंपासारखा घोडा. त्याला कधी कुणी वाडग्यात काही दिलं नव्हतं. उन्हाळाभर कळपाबरोबर माळावर, हिवाळ्यात खुरानं बर्फ उकरून खालचं वाळकं गवत, आणि तरी दर शरदात त्याच्या मानेवर एवढी चरबी चढायची की आयाळीची कड एका बाजूला कलंडायची. थंडीनं झाडं तडकतात अशा रात्रीही तो उघड्यावर पाठ वाऱ्याकडे करून झोपायचा. कोंगिरला मात्र पांघरूण लागे, बंद तबेला लागे, पाणी कोमट लागे. रौशानचे वडील सादुआकास म्हणायचे, "तो घोडा आहे, आणि हा पाहुणा आहे."

वडिलांना जाऊन वर्ष होत आलं होतं. गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवशी गावातल्या वडीलधाऱ्यांनी कोंगिरची शेपटी आखूड कापली, आयाळ कातरली, आणि तेव्हापासून त्याच्या पाठीवर कुणी बसलं नव्हतं. गेलेल्याचा घोडा वर्षभर रिकामा राहतो. वर्षाच्या जेवणाला तोच कापतात, आणि मग घराचा दुखवटा उतरतो. हल्ली पुष्कळ घरांत बाजारातून मिळेल तो घोडा आणून काम भागवतात. पण सादुआकासनी अंथरुणात पडल्या पडल्या धाकट्या भावाचं मनगट धरून सांगितलं होतं, "तुर्लिबेक, माझ्या जेवणाला माझा घोडा काप. म्हातारा झालाय, गुडघा गेलाय, त्याच्यावर बसणारं आता कुणी नाही. तो बाजारात गेला तर सरळ सॉसेजच्या कारखान्यात जाईल. त्याला परक्यांच्या ट्रकमध्ये चढवू नकोस." तुर्लिबेक हो म्हणाले होते. रौशान तेव्हा उशीचा अभ्रा बदलत होती. तिनंही ऐकलं होतं.

ती कारागांदी शहरात एका वाचनालयात काम करायची. वडिलांच्या आजारपणात आली ती गेलीच नव्हती. आधी त्यांना सोडून जाता येईना, मग घोड्याला. काकांच्या तबेल्याचं दार शुबारसारख्या आखूड घोड्यांच्या मापानं बसवलेलं; त्यातून कोंगिरची छातीच काय ती आत गेली असती. सादुआकासचा तबेला तेवढा उंच होता आणि तो तापवायला, झाडायला, तिथे पाणी न्यायला घरात ती एकटीच होती. वाचनालयातून अधूनमधून फोन यायचा. जागा ठेवलीय, नव्या वर्षापर्यंत ठेवता येईल, पुढचं माहीत नाही.

सकाळी काका कुंपणाचं फाटक ढकलून आले, हातमोजा काढला आणि कोंगिरच्या फासळीवर बोटं दाबली. हे ते आठवड्यातून एकदा तरी करायचे.

"पियानो आहे नुसता," ते म्हणाले.

"जव वाढवलाय, काका. मक्याचा भरडाही घालते."

"घालतेस आणि मग दोरीला धरून गावभर फिरवतेस. गेलं सगळं वाऱ्यावर."

"फिरवलं नाही तर पाय सुजतात त्याचे. बाबांनीच सांगितलं होतं."

"तुझ्या बापाला घोडे पळवायचे होते. आपल्याला हा जेवायला घालायचाय." काकांनी बोटं आणखी मागच्या फासळ्यांवर सरकवली, तिथं काहीतरी सापडेल अशा आशेनं. "अर्धं बोटसुद्धा नाही. दीडशे माणसं येणार, रौशान. काय मोजतील ती?"

मोजणार हे खरं होतं. फासळीचं मांस चरबीसकट मीठ-मिरं लावून आतड्यात भरतात, त्याला कझी म्हणतात. ती उकडून ताटात आली की पाहुणा आधी तिच्याकडे बघतो. पांढरा थर किती बोटं जाड आहे त्यावर घराची पत ठरते. दोन बोटं म्हणजे ठीक, तीन म्हणजे नाव झालं, चार बोटांच्या कझीबद्दल माणसं पुढची दोन वर्षं बोलतात. आणि बिनचरबीची कझी वाढणाऱ्या घराबद्दलही बोलतातच.

"ओस्पानकडे काट्यावर घालू," काका म्हणाले. "शुबारलाही नेतो. दोघांचं एकदा बघूनच घेऊ."

"कशाला पण?"

"कशाला म्हणजे? डोळ्यांना काय कळतं? हा उंच आहे. उंचीत लपला असेल काही माल."

ओस्पान गावाच्या टोकाला राहायचा. गावातल्या सगळ्या घरांची हिवाळ्याची जनावरं तोच कापायचा. सामूहिक शेत बंद पडलं तेव्हा तिथला जनावरांचा वजनकाटा त्यानं उचलून आणला होता; लाकडी फळ्यांचा, कठडे असलेला, बाजूला दांडी आणि सरकतं लोखंडी वजन. ओस्पान तरुण, आडवा माणूस, हसरा. दोन घोडे येताना बघून त्यानं सिगारेट टाकली.

"या तुर्लेके!" तुर्लिबेकचं आदरानं आखूड केलेलं नाव घेत तो म्हणाला. "हे काय, बापलेक घेऊन आलात?"

"बडबड बंद कर. आधी ठिपक्याला घाल."

शुबार फळ्यांवर असा चढला जसा रोजच चढतो. ओस्पाननं लोखंडी वजन दांडीवरून ढकलत नेलं, मागे आणलं, पुन्हा ढकललं. "चारशे नव्वद. वा! तुर्लेके, याला काय केक खाऊ घालता?"

कोंगिर चढेना. फळी पायाखाली दबली की तो पाय मागे घ्यायचा, नाकपुड्या फुगवायचा. रौशान आधी स्वतः चढली, तेव्हा तो तिच्या मागोमाग आला आणि मान उंच करून उभा राहिला. त्याची पाठ शुबारपेक्षा चांगली वीतभर वर होती. उन्हात त्याच्या कातडीखालची शीर न् शीर दिसत होती.

"तू उतर, नाहीतर तुझीही चरबी धरली जाईल," ओस्पान म्हणाला.

ती उतरली. दांडी वर गेली, खाली आली. ओस्पाननं वजन मागे घेतलं, आणखी मागे घेतलं. मग काट्याला टपली मारून पाहिली.

"चारशे बत्तीस."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. वीतभर उंच आणि एका माणसाएवढा हलका. तुर्लेके, वाटेत स्वार पडला बहुतेक याचा!"

कुणी हसलं नाही. ओस्पानच्या ते लक्षात आलं, आणि त्यानं घाईघाईनं विषय बदलला. याच काट्यावर पूर्वी ओढकामाचा व्लादिमीर जातीचा घोडा आठशेच्या घरात भरला होता, फळी मोडली होती, वगैरे. रौशानला तो घोडा आठवत होता. ती लहान असताना वडिलांनी तिला त्याच्या आणि एका शर्यतीच्या शिंगराच्या मधोमध उभं केलं होतं आणि खाली बघायला सांगितलं होतं. एकाचा खूर परातीएवढा, दुसऱ्याचा चहाच्या वाटीएवढा. "तो जमिनीवर उभा आहे," वडील म्हणाले होते, "आणि हा नुसता टेकलाय."

तिला आणखी एक आठवलं, आणि ते तिला आठवायचं नव्हतं. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या दवाखान्यात नर्सनं वडिलांना काट्यावर उभं केलं. रौशाननं त्यांना काखेत हात घालून चढवलं होतं. फारसा जोर लागला नव्हता. आकडा वाचून वडील हसले. तरुणपणी ते कारागांदीच्या मैदानावर शर्यतीत बसायचे आणि मग हाडं जड झाली म्हणून त्यांना उतरवून घोडे शिकवायला ठेवलं होतं. "बघ," ते तिला म्हणाले, "झालं पुन्हा स्वाराचं वजन. तेव्हा उपाशी राहून जमलं नव्हतं."

परत येताना काका पुढे चालले होते. शुबारची दोरी त्यांच्या हातात होती आणि ते शिट्टी वाजवत होते. रौशान मागून त्यांच्या पाठीकडे बघत होती. सकाळी जो माणूस फासळ्या चाचपताना ओठ चावत होता, तो आता असा चालत होता जणू त्याच्याच खांद्यावरून काहीतरी उतरवून काट्यावर ठेवून आला होता.

चहा काकांकडेच झाला. बालझानकाकीनं दूध घालून वाट्या भरल्या, बाउरसाक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, मधे ओतले. काकी मोठ्या दिराचं नाव कधी घ्यायची नाही, त्याच्या माघारीही नाही. ती त्याला थोरले म्हणायची. पुतणीलाही तिनं लग्न होऊन या घरात आल्यावर आपल्या मनानं एक नाव दिलं होतं, शहरीण. तेव्हा रौशान आठ वर्षांची होती आणि तिनं शहर पाहिलंही नव्हतं.

"मग ठरलं," काका म्हणाले. "जेवणाला शुबार कापू. चारशे नव्वद किलो आहे, तीन बोटं कुठे गेली नाहीत. कोंगिर राहू दे. वसंत येईल, हिरवं गवत येईल, खाईल, भरेल, मग बघू."

"हिवाळाभर त्याला कोण बघणार?" रौशाननं विचारलं.

"तू आहेस की."

"अहो, तिची नोकरी आहे तिकडे," काकी म्हणाली.

"पुस्तकं आहेत ती. पळून थोडीच जाणारेत?"

"तुमच्याकडे ठेवा ना मग, काका."

"माझ्या तबेल्याचं दार बघितलंस? त्या जिराफाला काय घडी घालून ठेवू? आणि बाहेर ठेवला तर एका रात्रीत त्याची काडी होईल."

"थोरल्यांनी शब्द घेतला होता तुमच्याकडून," काकी चहा ओतता ओतता म्हणाली. तिनं वर बघितलं नाही.

"घेतला होता. मला ठाऊक आहे. पण जेवणात सुकं लाकूड वाढून माझी लाज काढ, असं नव्हता म्हणाला तो. सादुआकासच्या घरची कझी आणि बोट बुडत नाही! लोक त्याच्या थडग्यापर्यंत हसत जातील."

रौशाननं वाटी खाली ठेवली. "काका, तुम्हाला लाज वाटत नाहीये. तुम्हाला बरं वाटतंय."

"काय म्हणालीस?"

"त्याचं वजन कमी भरलं तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते. येताना शिट्टी वाजवत होतात तुम्ही."

काकीचा हात थांबला. काकांनी वाटी पालथी घातली, आता पुरे या अर्थानं, आणि तरी उठले नाहीत.

"तुला काय," ते म्हणाले. "तू जाशील. मला रोज सकाळी दार उघडलं की कुंपणापलीकडे तो दिसतो. शेपटी कापलेली असेना का, दिसतो. अजून त्या घरात दुखवटा आहे म्हणजे अजून ते घर माझ्या भावाचं आहे. कोंगिर गेला, लोक जेवले, हात पुसले, की संपलं. घोडा गेला की भाऊ गेला."

"बाबा गेलेत, काका." तिचा आवाज चढला नाही; चढवायला लागणारं बळ तिच्यात नव्हतं. "त्यांचे डोळे मी मिटलेत. हनुवटीला फडकं मी बांधलंय. तुम्ही बाहेर गवत टाकत होतात."

"मग? मी गवत टाकत होतो हा गुन्हा झाला?"

"नाही. मी एवढंच म्हणतेय की वर्षभर त्यांच्या घोड्यापुढे उभी आहे मी. आणखी एक हिवाळा मला उभं राहता येणार नाही. मी खरंच दमलेय."

काकीनं बाउरसाकची परात उगाचच थोडी तिच्याकडे सरकवली.

"दोन्ही कापा," रौशान म्हणाली. "ज्यांना बोटं लावून बघायचीत ते शुबारला लावतील. कोंगिर बाबांसाठी. कझी होवो न होवो."

"मी बाहेर येणार नाही," काका म्हणाले. "सांगून ठेवतो. मी त्या दिवशी घरातून बाहेर येणार नाही."

"नका येऊ."

संध्याकाळी काकी कुंपणापाशी आली. डोक्यावरचा रुमाल घट्ट करत म्हणाली, "शहरीण, हे मनापासून म्हणालीस, का दमून?"

रौशान पाण्याची बादली घेऊन उभी होती. "आता त्यातला फरक कळत नाही, काकी."

"हं," काकी म्हणाली, आणि दुसरी बादली तिनं उचलली.

जेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी बर्फ पडून थांबलं होतं. ओस्पान दोन भावांना घेऊन आला. शुबारचं काम काकांच्या आवारात लवकर उरकलं. ते अशा घोड्यांना सरावलेले होते. मग तिघं हात पुसत कुंपण ओलांडून आले. रौशाननं कोंगिरला बाहेर आणलं. पांघरूण काढलं तेव्हा त्याच्या पाठीवरून वाफ निघाली.

ओस्पाननं विचारलं, "परवानगी कोण देणार? तुर्लेके?"

काका घरात होते. खिडकीचा पडदा ओढलेला होता.

"मी देते," ती म्हणाली. तळवे वर करून तिनं वडिलांसाठी प्रार्थनेतलं येत होतं तेवढं म्हटलं. बाकीच्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. हे बाईनं केलं म्हणून कुणाला वावगं वाटलं असेल तर त्यांनी ते दाखवलं नाही.

मग दोर पुरेना.

ओस्पानकडे नेहमीचा दोर होता, पुढच्या पायांतून मागच्या पायांत घालून ओढायचा, म्हणजे घोडा आपोआप आडवा होतो. वर्षानुवर्षं शुबारसारख्या घोड्यांसाठी वापरून त्याची लांबी ठरून गेली होती. कोंगिरच्या पुढच्या पायात फास बसला, मागच्यापर्यंत जाईस्तोवर दोर हातात उरलाच नाही. भावांपैकी एकानं दुसरा दोर गाठ मारून जोडला. गाठ फासातून सरकेना. कोंगिर मान वळवून हे सगळं बघत होता.

"च्यायला, पाय आहेत का तारेचे खांब!" ओस्पान म्हणाला आणि घराकडे तोंड करून ओरडला, "तुर्लेके! लांब दोर आहे का कुठे? सलग पाहिजे!"

थंडी होती, माणसं पाय आपटत उभी राहिली. ओस्पान रौशानकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, नको असेल तर मला काही नाही. ठिपक्याचं मांस पुरून उरेल."

ती काही म्हणणार तेवढ्यात दार वाजलं. काका टोपी न घालताच बाहेर आले. ते सरळ सादुआकासच्या तबेल्यात गेले, आत काहीतरी पडलं, आणि ते हातात एक लांब, पट्टीसारखा विणलेला दोर घेऊन आले. आपण मधोमध उभं राहून घोड्याला भोवती गोल फिरवायचा दोर. सादुआकास रोज सकाळी त्यानं घोडे फिरवायचे.

"हा सलग आहे," काका म्हणाले. "घे."

पण कोंगिरनं तो दोर बघितला होता. त्याचे कान पुढे आले. ओस्पाननं पायातला फास सोडवला, काकांनी दोराचं टोक कोंगिरच्या तोंडावरच्या मोरखीत अडकवलं, फक्त तो धरून ठेवावा म्हणून, आणि दुसरं टोक हातात घेऊन एक पाऊल मागे घेतलं. तेवढं पुरलं. कोंगिर वळला आणि चालू लागला. काकांच्या भोवती, दोर ताणेल एवढं लांब जाऊन, गोल.

"अरे, थांबवा त्याला," एक भाऊ म्हणाला.

काकांनी थांबवलं नाही. ते जागच्या जागी त्याच्याबरोबर फिरत राहिले. कोंगिर दुडक्या चालीला लागला. त्याच्या खुरांचा आवाज ताज्या बर्फावर जवळजवळ येतच नव्हता. एवढा मोठा घोडा, आणि मागे उमटत गेलेले ठसे उथळ, एकसारखे. कापलेली शेपटी त्यानं वर धरली होती. काकी दारात येऊन उभी राहिली.

थांबा म्हणायची हीच वेळ होती, हे रौशानला कळत होतं. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, सगळे घोड्याकडे बघत होते. ती म्हणाली असती तर कुणी कारणही विचारलं नसतं. तिच्या तोंडात शब्द आला होता. मग डाव्या वळणावर कोंगिरचं डोकं खाली झुकलं, पुन्हा वर आलं. पुढच्या फेरीत त्याच जागी पुन्हा झुकलं. गुडघा. जव घालून घालून वाढवलेलं जे काही थोडं वजन होतं ते त्या पायाला पेलत नव्हतं. तो दुडकत होता, पण प्रत्येक फेरीत त्या जागी त्याला लागत होतं, आणि तरी सांगितल्याशिवाय थांबायचं नसतं हे त्याला कुणीतरी फार चांगलं शिकवलं होतं.

ती काही बोलली नाही.

काकांनाही दिसलं असावं. त्यांनी हात खाली केला आणि घशातून एक आवाज काढला, लांबट, सादुआकास काढायचे तसा, जरा बेसूर. कोंगिर चालीवर आला, मग दोर ढिला करत आत आला आणि काकांच्या छातीपाशी डोकं आणून उभा राहिला. दोघांची वाफ एकमेकांत मिसळत होती.

"आण इकडे," काका ओस्पानला म्हणाले, पण दोर त्याच्या हातात दिला नाही. ते खाली वाकले, स्वतःच तो पुढच्या पायांतून घातला, मागे नेला, फास बसवला. गुडघ्याला जिथे दुखत होतं तिथे त्यांनी दोर जरा खाली घेतला. त्यांच्या नाकातून पाणी गळत होतं, थंडीचं की कशाचं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"डोकं मी धरते," रौशान म्हणाली.

"बायका धरत नाहीत," एक भाऊ म्हणाला.

"धरू दे," काका म्हणाले. "वर्षभर तिनंच धरलंय."

दुपारी ओस्पान बाह्या वर करून काकीच्या स्वयंपाकघरात आला आणि फासळ्यांचा तुकडा परातीत ठेवला. मांस गर्द, जवळजवळ काळपट. वर पातळ पांढरी रेघ.

"एक बोट," तो म्हणाला. "तेही माझं नाही, तान्ह्या पोराचं."

"भर तरी," काका म्हणाले.

"हे भरून काय होणार? तुर्लेके, वातड होईल."

"भर म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी लोक आले. गाड्या कुंपणापासून रस्त्यापर्यंत लागल्या. कुराण झालं, खिडकीवरची दुखवट्याची काळी पट्टी उतरली, काकीनं रौशानचा गडद रुमाल सोडून पांढरा बांधला आणि बांधताना दोनदा सुटला म्हणून स्वतःवरच चिडली. मग मोठी मोठी ताटं फिरू लागली. शुबारची कझी बघून पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं, बोटं लावली, माना डोलावल्या. तीन बोटं, भरपूर. नाव झालं.

सादुआकासचे शर्यतीच्या मैदानावरचे जुने सोबती एका कोपऱ्यात बसले होते; वाकलेले, आखूड, सगळ्यांची चाल घोड्यावरून आत्ताच उतरल्यासारखी. काकांनी त्यांच्यापुढे वेगळं ताट स्वतः नेऊन ठेवलं.

"हा कोंगिर," ते म्हणाले.

कुणी बोट लावलं नाही. एकेकानं तुकडा उचलला. चावायला वेळ लागत होता. सगळं दालन बोलत होतं आणि तो कोपरा नुसता चावत होता. शेवटी त्यांतला सगळ्यात म्हातारा, ज्याला दात फारसे उरलेच नव्हते, गाल एका बाजूला फुगवून म्हणाला, "अजून पळतोय रे हा. सापडेना दाताखाली."

काका हसले. आधी नाकातून, मग मोठ्यानं, मग त्यांना थांबवता येईना. त्यांनी तोंडावर हात धरला आणि दुसऱ्या हातानं ताटातला तुकडा उचलून स्वतःच्या तोंडात टाकला, आणि हसता हसता ते तो कितीतरी वेळ चावत राहिले.

रौशान हे दारातून बघत होती. तिच्या हातात रिकाम्या वाट्यांची चळत होती. ती ठेवायला म्हणून ती आतल्या खोलीत गेली. तिथं पाहुण्यांसाठी काढलेल्या गाद्यांची रास भिंतीला लावली होती. तिनं वाट्या खाली ठेवल्या, पाठ जरा टेकावी म्हणून बसली, आणि तशीच एका कुशीवर कलंडली. बाहेर कुणीतरी तिचं नाव घेऊन चहा मागत होतं. कोंगिरचं पाणी तापवायला ठेवायचंय, असं काहीसं तिच्या मनात आलं, मग तसं काही नाहीये हे आलं, आणि मग काहीच आलं नाही.

काकी तिला शोधत आली, बघितलं, वरून एक गोधडी टाकली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

"घरची लेक कुठे आहे?" कुणीतरी पाहुणी विचारत होती. "निरोप घ्यायचा होता."

"झोपलीय," काकी म्हणाली. "तुम्ही चहा घ्या. निरोप मी सांगेन."